चार हातांची वेणी

“हे काय केलंस तू, आत्या? … बोल ना! हे काय करून ठेवलंस?”

केतकीच्या हातातली बॅग उंबरठ्यावरच गळून पडली. आठ महिन्यांनी हैदराबादहून घरी आलेली पोर… दार उघडताच पांढऱ्याशुभ्र केसांचा झुबका जमीन झाडत पायांशी येईल, डोक्यावरचा इवलासा बुचडा डुलवत हात चाटेल, म्हणून विमानात बसल्यापासून ती मनातल्या मनात हसत होती. आणि धावत आली ती एक किडकिडीत, गुलाबी कातडीची, ओळखूही न येणारी कुत्री! ते रेशमी केस नाहीत, बुचडा नाही, बुचड्यातली लाल फीत नाही. दोन कानांवर आणि शेपटीच्या टोकाला तेवढे केस उरलेले. रेवडीला बिचारीला आपलं काय गेलंय याचा पत्ताच नव्हता. मालकीण दिसल्याच्या आनंदात तिची शेपटी इतकी हलत होती, की तिच्याबरोबर सारं अंगच डोलत होतं.

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक लागलेली, वाकड्या झालेल्या बोटांनी पदर सावरलेला. तिनं एवढंच म्हटलं, “मीच कापले गं. फार गुंता झाला होता.”

“पुन्हा?” केतकीचा आवाज चिरकला. “वीस वर्षांनी पुन्हा तेच? माझे कापलेस ते पुरले नाहीत का तुला?”

खुर्चीत बसलेल्या तिच्या बापानं, श्यामकांतनं, काही बोलायला तोंड उघडलं. कुमुदनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. दिल्लीतल्या मंत्रालयात उपसचिवांपर्यंत कुणालाही न भिणारा तो माणूस थोरल्या बहिणीच्या त्या एका नजरेनं गप्प झाला आणि समोरचं वर्तमानपत्र उलटं धरून वाचू लागला.

त्या ‘पुन्हा’ शब्दानं कुमुदच्या काळजात किती खोल जखम केली, ते त्या घरात कुणाला दिसलं नाही. ती आत गेली आणि राहिलेल्या पोळ्या लाटू लागली.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरावतीच्या शाळेत मराठी शिकवणारी कुमुद, धाकट्या भावाची बायको लतिका आजारी म्हणून महिन्याची रजा टाकून दिल्लीला आली ती आलीच. रजा वाढली, मग राजीनामा गेला, आणि ठरत आलेलं स्थळ थोडे दिवस थांबून रीतसर दुसरीकडे गेलं. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या या सरकारी क्वार्टरात लतिका दिवसेंदिवस विझत चालली होती, आणि नऊ वर्षांची केतकी रोज सकाळी कंगवा घेऊन तिच्या पलंगाशी पाठ करून बसत होती. काय केस होते पोरीचे! कमरेखाली पोचलेले, दाट, काळेभोर… ते विंचरणं एवढी एकच गोष्ट लतिकानं अजून सोडली नव्हती.

आणि एका सकाळी वेणी घालून झाली, आणि संध्याकाळी लतिका गेली.

“ही आईनं घातलेली आहे. हिला कुणी हात लावायचा नाही!” केतकीनं सांगितलं. तिच्या डोळ्यांत अशी काही जरब होती, की घरातली मोठी माणसंही मागे सरली. दिवस झाले, तेरावा झाला, महिना होत आला. वेणी तशीच! तिच्या मुळाशी केसांचा पार नमद्यासारखा घट्ट थर झाला, त्याखाली डोकं चिघळलं, उशीला डाग पडू लागले. डॉक्टर म्हणाले, आता कापायलाच हवेत. पोर तर जवळ येऊ देईना. शेवटी एका दुपारी ती झोपली असताना कुमुदनं कात्री चालवली.

जाग आल्यावर त्या चिमण्या जिवानं जो आक्रोश केला, तो ऐकून समोरच्या क्वार्टरातल्या बंगाली काकू अनवाणी धावत आल्या होत्या. “आईची वेणी कापलीस! माझ्या आईची शेवटची वेणी!”

कुमुदला त्या वेणीबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. तिनं एक वाक्य उच्चारलं असतं, तर तिच्यावरचा आरोप तिथल्या तिथं पुसला गेला असता. ते वाक्य तिच्या ओठांशी आलं, तिथं क्षणभर थांबलं… आणि तिनं ते गिळून टाकलं. मग ते वीस वर्षं पोटातच राहिलं.

केतकी तिला आत्या म्हणायची, तिच्या हातचं जेवायची, निबंध तिच्याकडूनच लिहून घ्यायची. पण केस विंचरायची वेळ झाली, की खोलीचं दार लावून घ्यायची. केस पुन्हा वाढले, कमरेला पोचले, पण फणफणून ताप असला तरी त्यांना कुमुदचा हात म्हणून लागू दिला नाही. कधी न्याहारीच्या वेळी बापाला सांगायची, “बाबा, आज पुन्हा तेच स्वप्न पडलं. आई माझी वेणी घालतेय, आणि तिला ना, देवीसारखे चार हात आहेत!” श्यामकांत हसायचा. ओट्याशी उभ्या असलेल्या कुमुदचा हात मात्र तेवढा वेळ थांबायचा, आणि तव्यावरची पोळी करपायची.

आणि मग ही रेवडी आली. केतकीनं नोएडाच्या फ्लॅटवर हौसेनं आणलेली, शिट्झू नावाच्या जातीची, ओंजळीत मावेल एवढी कुत्री. कंपनीनं केतकीला हैदराबादला पाठवलं, तेव्हा रेवडी इथं आली. जाताना केतकीनं बापाला बजावलं होतं, “बाबा, रोज कॉम्ब करायचं. डोळे पुसायचे. आणि केस कापायचे नाहीत. बिल्कुल नाही, अच्छा?” सांगितलं बापाला, आणि करणार कोण हे तिघांनाही ठाऊक होतं.

पहिले चार दिवस कुमुदनं नाक मुरडलं. देवघराकडे फिरकू द्यायचं नाही, पदराला शिवू द्यायचं नाही! पाचव्या दिवशी रेवडी तिच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली, आणि सोवळं संपलं. मग रोज उन्हं मागच्या अंगणात उतरली, की कुमुद पायरीवर बसायची. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर रेवडी. आधी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं डोळ्यांचे कोपरे टिपायचे. मग बारीक दातांचा स्टीलचा कंगवा घेऊन एकेक बट टोकाकडून सोडवत वर जायचं. काखेत आणि कानामागे जिथं गाठी बसतात, तिथं चिमूटभर मक्याचं पीठ चोळून त्या बोटांनी मोकळ्या करायच्या. शेवटी डोळ्यांवर येणारे केस वर घेऊन बुचडा, आणि त्यावर लाल फीत. संधिवातानं आखडलेली तिची बोटं त्या तासाभरानंतर ठणकत राहायची. पण तो तास…! कुंपणापलीकडच्या सप्तपर्णीचा वास, धुरकट सोनेरी ऊन, दूर कुठेतरी भाजीवाल्याची हाळी, आणि बोटांतून वाहणारे ते मऊ केस… कुमुदचे डोळे अर्धवट मिटत. आपण कुणाचे केस विंचरतोय, याचा तिला विसर पडे. ती गुणगुणू लागे, आणि मग आपण कुणासाठी गुणगुणतोय ते आठवून स्वतःशीच ओशाळे.

हे सुख दिवाळीपर्यंत टिकलं. दिवाळीच्या आठवड्यात कुमुद तापानं अंथरुणाला खिळली. नरक चतुर्दशीच्या पहाटे श्यामकांत एकटाच उठला. त्याला घर ओकंओकं वाटलं. लेक हैदराबादला, बहीण तापात… न्हाऊ कुणाला घालायचं? आणि त्या सरळमार्गी माणसाच्या मनात आलं, रेवडी आहे की! ती का घरातली नव्हे? मग त्यानं तेल कोमट केलं, पुण्याहून आलेलं सुगंधी उटणं वाटीभर भिजवलं, आणि रेवडीला पाटावर बसवून, खसाखसा चोळून यथासांग अभ्यंगस्नान घातलं. टॉवेलनं रगडून पुसलं. औक्षणसुद्धा केलं! कुत्री निरांजनाकडे पाहून दोनदा शिंकली, तेवढाच काय तो विरोध.

न्हाऊ घालण्याआधी केस विंचरायचे असतात, नाहीतर पाण्यानं गाठी आवळतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात ते तेल, ते उटणं, ती टॉवेलची घासणी… दुसऱ्या दिवशी रेवडीच्या अंगावर केस नव्हते, घोंगडी होती. आतून कातडी लालबुंद, आणि हात लावला की केविलवाणा आवाज.

कुमुद तापातून उठली ती तशीच पायरीवर जाऊन बसली. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, तिनं त्या गाठींशी झुंज घेतली. सातव्या दिवशी काखेतली कातडी फाटून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, आता कापायलाच हवेत. दवाखान्यातल्या मशीनचा आवाज ऐकून रेवडी लटलटा कापायला लागली, तेव्हा कुमुदनं तिला घरी आणलं आणि कात्री स्वतःच्या हातात घेतली. आयुष्यात दुसऱ्यांदा! त्या वेळी कुमुद रडत होती आणि श्यामकांत दारात उभा राहून म्हणत होता, “ताई, मी सांगतो केतूला. चूक माझी आहे.”

“काही सांगायचं नाहीस,” ती म्हणाली होती. “महिनाअखेरीला तू रिटायर होणार, हे घर सुटणार. तुला तिच्याकडे राहायचंय, श्याम. तिच्या मनात तुझ्याविषयी किंतू नको. माझं काय, मी अमरावतीला चालले. माझ्यावर तिचा राग आहेच, त्यात थोडी भर.”

हे सारं त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर तिघांच्या मधोमध न बोललेलं पडून होतं. केतकीनं भरल्या वांग्यांना हात लावला नाही. रेवडीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, “बाबा, नोएडाच्या फ्लॅटमध्ये तुमची रूम रेडी आहे. तीस तारखेला ट्रक बोलावते. रेवडीला मी आजच नेतेय.”

“माझं शनिवारचं तिकीट आलंय,” कुमुद पाणी वाढता वाढता म्हणाली. “चुलत बहीण एकटीच असते तिथं. बरं होईल.”

केतकीनं मान वर केली नाही. “अच्छा,” एवढंच म्हणाली.

त्या ‘अच्छा’नं श्यामकांतच्या मनाचा बांध फुटला! त्यानं ताट दूर सारलं.

“पुरे! ताई, आता मला गप्प बसवू नकोस. केतू, मी केलं ते! मी तिला उटणं लावून न्हाऊ घातलं दिवाळीला. माझ्यामुळे केसांची घोंगडी झाली. ही बाई तापातून उठून सहा दिवस त्या गाठी सोडवत होती. हे तिचे हात बघ… बघ एकदा! चमचा धरता येत नाही तिला धड, आणि आठ महिने तुझ्या कुत्रीचा बुचडा बांधतेय!”

केतकीनं आत्याच्या हातांकडे पाहिलं. घरात रोज दिसणारे हात, पण तिनं ते इतक्या वर्षांत कधी न्याहाळलेच नव्हते. फुगलेली पेरं, एकीकडे कललेली बोटं… अंगठ्याशी कात्रीनं आलेला फोड अजून ओला होता.

“मग तू गप्प का बसलीस?” केतकीनं हलक्या आवाजात विचारलं.

“सवय गं,” कुमुद म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

केतकी रेवडीला घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. ऊन कलतं झालं होतं. सप्तपर्णीचा तो जड, गुंगवणारा वास सगळ्या अंगणावर पसरला होता. तिच्या मनात भरकटल्यासारखं झालं होतं. रागवायचं कुणावर, तेच उमगेना. काहीतरी करायचं म्हणून तिनं कोनाड्यातला कंगवा घेतला आणि रेवडीच्या कानावरचे उरलेसुरले केस विंचरू लागली. एक गाठ लागली. तिनं ओढलं. रेवडी कळवळून ओरडली.

आतून कुमुद धावत आली. आपल्याला मनाई आहे, आपण परक्या झालो आहोत, हे सारं ती त्या एका आवाजासरशी विसरली. केतकीच्या मागे, वरच्या पायरीवर बसून तिनं आपले दोन्ही हात केतकीच्या हातांवर ठेवले.

“अगं, असं नाही… मुळाशी मूठ धर. घट्ट. आता खालून विंचर. ओढ मुठीतच राहते बघ, कातडीला कळतसुद्धा नाही.”

चार हात. एका इवल्याशा कानावर वाकलेले, सावकाश, एकाच लयीत हलणारे चार हात… आणि कानाशी कुमुदचं ते नकळत सुरू झालेलं गुणगुणणं.

केतकीचे हात थबकले. ऊन, वास, तो सूर, पाठीला लागलेली ती ऊब… हे तिनं पाहिलं होतं. असंख्य वेळा पाहिलं होतं, मिटल्या डोळ्यांनी!

“आत्या,” तिनं मागे न बघता विचारलं. “ती शेवटची वेणी… आईनंच घातली होती ना?”

वीस वर्षांपूर्वी गिळलेलं ते वाक्य आज आपणहून वर आलं होतं. नुसतं ‘नाही’ म्हटलं, की झालं! इतक्या वर्षांचा डाग धुतला जाणार होता. पण त्याबरोबर या पोरीकडची आईची शेवटची ठेवही जाणार होती. कुमुदनं डोळे मिटून घेतले.

“हो, राजा. आईनंच घातली होती.”

“खोटं बोलतेस तू.” केतकीच्या गालांवरून आसवं ओघळू लागली. “तिला शेवटी शेवटी पेला उचलता येत नव्हता. मला आठवतंय. मला सगळं आठवतंय, फक्त ते स्वप्न आहे असं मला वाटायचं! मी तिच्याकडे पाठ करून अर्धवट झोपेत बसलेली असायचे, आणि माझ्या केसांत चार हात असायचे. कुणाचे होते ते? सांग ना, आत्या… कुणाचे होते?”

कुमुदला आता खोटं रेटवेना आणि खरंही बोलवेना. मिटल्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. पलंगावर उशांना टेकलेली लतिका, तिनं हळूच केलेली खूण, ‘ताई, तुमचे हात द्या…’ आणि आपल्या हातांवर ठेवलेले तिचे वजन नसलेले, गार हात.

“दोन तिचे होते,” ती कशीबशी म्हणाली. “आणि दोन तिनं माझ्याकडून उसने घेतले होते. बोटं माझी फिरायची गं, पण वेणी तिचीच होती. महिनाभर रोज शिकवत होती ती मला… मुळाशी मूठ धरा म्हणायची. तुला दुखू नये म्हणून.”

“आणि मी तुला वीस वर्षं…” केतकीनं कंगवा खाली ठेवला. ती वळली आणि तिनं त्या वाकड्या बोटांवर आपलं कपाळ टेकवलं. “एकदा तरी सांगायचंस ना गं! एकदा तरी म्हणायचंस, ही वेणी मी घातली होती!”

“सांगून काय केलं असतं, बाळा? तुला आई नव्हती, वेणी तरी होती… ती कशी काढून घेऊ?”

दोघी बराच वेळ रडल्या. रेवडी एकदा हिचं, एकदा तिचं तोंड चाटत राहिली. दारात श्यामकांत उभा होता. चष्मा पुसण्याच्या निमित्तानं तो डोळे पुसत होता, आणि आपल्याला कुणी पाहत नाही अशी त्याची समजूत होती.

“बाबा,” केतकी तिथूनच म्हणाली, “ते तिकीट कॅन्सल करा. माझ्याकडे बाल्कनीतली खोली आहे, सकाळचं पूर्ण ऊन येतं. ती आत्याची. तुम्हाला हॉलमध्ये झोपायला लागलं तरी चालेल.”

“चालेल, चालेल!” श्यामकांत घाईघाईनं म्हणाला. “मला काय, सोफासुद्धा चालेल.”

मग केतकीनं केसांतला चाप काढला. वीस वर्षं दाराआड राहिलेले ते लांबसडक केस पाठीवर मोकळे झाले. ती खालच्या पायरीवर, आत्याकडे पाठ करून बसली आणि कंगवा मागे धरून म्हणाली, “घाल.”

“अगं, आता माझी बोटं वळत नाहीत…”

“मी आहे ना.” केतकीनं आपले दोन्ही हात मागे नेले आणि आत्याच्या हातांवर ठेवले.

उन्हाचा शेवटचा पट्टा कुंपणावरून उतरेपर्यंत ते चार हात चालले होते. पेड निसटायचे, पुन्हा धरले जायचे, मध्येच गुणगुणणं थांबून हुंदका यायचा, आणि पुन्हा सूर लागायचा. वेणी झाली ती चांगलीच वाकडी झाली. कोनाड्यात ठेवलेली रेवडीची लाल फीत वेणीच्या शेवटाला बांधून कुमुदनं हात मांडीवर ठेवले, आणि एकाएकी तिच्या मनात जुनी धास्ती दाटून आली.

“केतू,” तिनं भीत भीत विचारलं, “उद्या सोडशील ना गं ही?”

“सोडीन की,” केतकी म्हणाली. “रोज सोडीन. रोज पुन्हा घालायची आहे ना आपल्याला.”